सेकंडहँड स्पोर्ट बाइकचा शोध: आर६ बाद, उरल्या दोन

मंडळी, यादी एकदाची आटोक्यात आली आहे. सुरुवातीला डोक्यात फक्त चार सिलिंडर आणि पूर्ण फेअरिंग (गाडीभोवतीचं प्लास्टिकचं कवच) एवढंच होतं. त्यामुळे यामाहा आर६, होंडा सीबीआर६००आरआर, सुझुकी जीएसएक्स-आर६०० आणि ७५०, शिवाय असू दे म्हणून होंडा सीबीआर६५०आर, असा सगळा गोतावळा जमला होता. आता दोनच उरल्या आहेत: जीएसएक्स-आर७५० आणि सीबीआर६५०आर. आर६ बाद झाली ती इंजिनामुळे नाही आणि भावामुळेही नाही. ती मनगटांमुळे बाद झाली.

हल्ली गाडी बघायला गेलो की आधी बसून बघतो. वाकून खालचं बघणं नंतर. टायर संपलेत, चेन गेली आहे, फोर्कच्या (पुढच्या शॉकअपच्या) सीलमधून तेल येतंय, या सगळ्याचा खर्च काढता येतो आणि मागितलेल्या किमतीतून वजा करता येतो. सीट आणि हँडलमधलं अंतर असं वजा होत नाही. हँडल उंच करायचे पार्ट मिळतात, मान्य. पण काही गाड्यांवर मग ब्रेकचा पाइप पुरत नाही, हँडल पूर्ण वळवलं की मूठ टाकीला नाहीतर फेअरिंगला लागते, आणि इतकं करून हातात येतो तो दोनेक सेंटिमीटरचा फरक.

बसून बघायचं म्हणजे साइड स्टँडवर दोन मिनिटं टेकायचं नाही. जाकीट, बूट, हातमोजे, हेल्मेट सगळं अंगावर हवं. गाडी पॅडॉक स्टँडवर (मागचं चाक उचलून गाडी सरळ उभी ठेवणाऱ्या स्टँडवर) असली तर उत्तम, नाहीतर कुणालातरी मागून सरळ धरायला सांगायची. पाय फुटरेस्टवर, नजर समोर, आणि निदान पंधरा मिनिटं तसंच राहायचं. विकणारा वैतागतो, वैतागू द्या. मग गुडघ्यांनी टाकी दाबून दोन्ही तळवे मुठींवरून जरासे उचलून बघायचे. धड जागच्या जागी राहिलं तर त्या गाडीशी पुढे जमेल. छाती टाकीवर आपटली तर त्या बसणीत शरीराचं वजन मनगटांवर आहे, आणि अर्ध्या तासात बोटांना मुंग्या येणार हे धरून चाला. हेल्मेट घातल्याशिवाय मानेचा अंदाज येत नाही. नुसत्या डोक्याने वर बघणं सोपं असतं. हेल्मेटचं वजन आणि पाठीचा बाक एकत्र आले की मानेच्या मागची शीर लगेच बोलायला लागते.

आर६ची गंमत अशी की ती जिथल्यासाठी बनली आहे तिथे ती चुकीची नाहीच. सीट ८५० मिमीवर, क्लिप-ऑन हँडल (फोर्कच्या नळ्यांना वेगवेगळे बसवलेले दोन दांडे) खाली, फुटरेस्ट उंच आणि मागे. वेग वाढला की समोरचा वारा छातीला आधार देतो आणि मनगटं सुटी होतात. गर्दीत हळू चालवताना वारा नाही, म्हणजे आधारही नाही. इंजिनाचंही तसंच: ५९९ सीसीच्या या गाडीची पूर्ण ताकद १४,५०० आरपीएमच्या आसपास मिळते, आणि रोजच्या रस्त्यावर तिथपर्यंत पोचायचं निमित्तच मिळत नाही. (आकड्यांचा विषय निघालाच आहे तर: २००६च्या आर६ची रेडलाइन, म्हणजे इंजिनाची कमाल आरपीएम, १७,५०० म्हणून गाजवली गेली होती. पुढे कळलं की आरपीएमचा काटा जास्त दाखवतो, खरी रेडलाइन १६,२००च्या जवळपास आहे. यामाहाने तेव्हा नाराज मालकांच्या गाड्या परत घ्यायची तयारी दाखवली होती. तरी ते वर्ष आजही हौशी लोक शोधत फिरतात.)

सीबीआर६५०आर आणि जीएसएक्स-आर७५० दोन्हींची सीट कागदावर ८१० मिमी. बसल्यावर दोन्ही अगदी वेगळ्या. पाय जमिनीला किती टेकतात हे सीट टाकीजवळ किती अरुंद आहे यावर बरंच ठरतं. आणि बसणं सुसह्य आहे की नाही हे फुटरेस्ट ते सीट या अंतरावर. गुडघा जितका दुमडतो तितका वेळ कमी बसवतो, साधा हिशेब. २०११ पासूनच्या जीएसएक्स-आर७५०चे फुटरेस्ट तीन जागी बसवता येतात. सगळ्यात खालच्या जागी घेतल्यावर माझ्या गुडघ्यांनी तक्रार थांबवली; हातांवर भार मात्र तसाच. सीबीआर६५०आरची बसण पुढे झुकलेली आहे, पण तळवे उचलल्यावर मी पडलो नाही. ज्यांना एवढंही वाकायचं नाही त्यांनी कावासाकी निंजा ६५० बघावी, ७९० मिमी सीट आणि उंच हँडल. दोन सिलिंडरचा आवाज मला भावत नाही, एवढंच माझं कारण.

टेस्ट राइडमध्ये पिकअप बघण्यात सगळा वेळ घालवू नका. ज्या वेगाने तुम्ही तासन् तास जाणार आहात, तो वेग वरच्या गिअरमध्ये धरून ठेवा आणि आरशात बघा. चार सिलिंडरच्या इंजिनात एखाद्या आरपीएमला बारीक थरथर असते. ती नेमकी तुमच्याच वेगाला आली तर आरशातली मागची गाडी पुसट दिसते आणि उजव्या हाताला झिणझिण्या येतात. टाकीखालून मांड्यांना येणारी गरमीही थांबून थांबून चालवल्यावरच कळते.

आता भाव. जाहिरातीतला भाव ही मालकाची इच्छा असते, तो बाजारभाव नव्हे. मी एकाच मॉडेलच्या, एकाच सुमाराच्या जाहिराती बघत राहतो आणि कुठल्या चटकन गायब होतात, कुठल्या उतरत्या भावाने पुन्हा पुन्हा वर येतात, याकडे लक्ष ठेवतो. गायब होणाऱ्यांचा भाव खरा धरायचा. त्यातून मग वजाबाकी. टायरच्या कडेला डॉट (DOT) या अक्षरांच्या ओळीत चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे: २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर शिल्लक असली तरी रबर जुनं आणि कडक झालं असेल तर मी दोन्ही टायर नवे धरतो. मागच्या स्प्रॉकेटवर चेन मागे ओढून बघायची. दात अर्धाअधिक उघडा पडला तर चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट खर्चात. डिस्कची किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, जाडी मोजायचा व्हर्नियर कॅलिपर खिशात असला की वाद संपतो.

सगळ्यात मोठी रक्कम मात्र न दिसणारी असते: व्हॉल्व्ह क्लिअरन्स, म्हणजे इंजिनातल्या झडपांजवळची बारीक फट तपासून नीट करणं. जीएसएक्स-आरला ती तपासणी २४,००० किमीला येते. म्हणून २२-२३ हजार चाललेल्या गाड्या इतक्या दिसतात की काय, अशी मला शंका आहे. चार सिलिंडर, सोळा व्हॉल्व्ह, फेअरिंग आणि टाकी उतरवायची, म्हणजे मजुरीच मजबूत. पावती नसेल तर झालेलं नाही असंच धरायचं. रनिंग कमी म्हणून कुणी जास्त मागत असेल तर गाडी किती काळ उभी होती ते विचारा. उभ्या गाडीचं ब्रेक ऑइल पाणी शोषतं, पेट्रोल शिळं होतं, बॅटरी जाते. आणि बाहेरचा सायलेन्सर, रंगीत लिव्हर यांचे जादा पैसे मी देत नाही. उलट मूळ सायलेन्सर आहे का ते विचारतो. नसेल तर तीही वजाबाकीच.

परवा पाहिलेल्या ७५०चं सांगतो. रंग टकाटक, फेअरिंगवर ओरखडा नाही. मालक म्हणाले, “ट्रॅकवर कधी नेलीच नाही.” मी टॉर्च घेऊन खाली वाकलो. इंजिन ऑइलच्या ड्रेन बोल्टच्या डोक्यात आडवं, बारीक, व्यवस्थित पाडलेलं भोक. ऑइल फिल्टरभोवती क्लॅम्प बसवल्याची गोल खूण. बोल्ट सुटू नये म्हणून सेफ्टी वायर ओवायला अशी भोकं पाडतात, आणि ट्रॅकवर जाणाऱ्याशिवाय हे उपद्व्याप सहसा कुणी करत नाही. मग हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत वळवून फ्रेमवरचा स्टॉपर (हँडल त्यापुढे वळू नये म्हणून असलेला अडथळा) पाहिला. डावीकडचा साफ, उजवीकडच्याला चेपल्याची खाच, वर नवा रंग.

“हा बोल्ट तुम्ही टाकलात का?”

“आधीच्या मालकाचा असेल. मी घेतली तेव्हापासून असाच आहे.”

असेलही. ट्रॅकवर गेलेल्या गाडीला माझी ना नाही. अशा गाड्यांचं ऑइल कित्येकदा वेळच्या वेळी बदललेलं असतं. पण चेपलेला स्टॉपर म्हणजे हँडल जोरात शेवटपर्यंत गेलं आहे, गाडी पडली आहे, आणि फ्रेम सरळ आहे की नाही हे डोळ्यांनी सांगता येत नाही. त्यांनी भाव लगेच दहा टक्क्यांनी उतरवला. इतक्या पटकन उतरवला म्हणून मी हेल्मेट उचललं.

दुसरी ७५० सध्या नजरेत आहे. फ्रेम नंबर मागवला आहे, कारण २०१३मध्ये सुझुकीने २००४ ते २०१३च्या जीएसएक्स-आर६०० आणि ७५०चा पुढच्या ब्रेकचा मास्टर सिलिंडर (लिव्हरजवळचा, ब्रेक ऑइलला दाब देणारा भाग) रिकॉलमध्ये, म्हणजे दोषामुळे कंपनीकडून बदलून द्यायला, काढला होता. तो या गाडीवर बदलला आहे का, हे नंबरावरून कळेल. मालकाला सांगून ठेवलंय की मी येईपर्यंत सेल्फ मारू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावून बघणार. कोमट लागलं तर थंड सुरू होताना काय आवाज येतो ते लपवायचं आहे असं समजणार. चालवताना दुसरा गिअर जोर दिल्यावर सुटतो का, हेही पाहायचं आहे.

सीबीआर६५०आरचा मालक एक पैसा कमी करायला तयार नाही. पण सगळ्या पावत्या आहेत, टायर नवे आहेत, आणि माझी वजाबाकी जवळजवळ शून्यावर येते. तुमच्यापैकी कुणी तिच्यावर सलग तीन-चार तास बसलं असेल तर सीटबद्दल जरूर कळवा. मला तासाभरापुढचा अंदाज अजून नाही.