तिसरी थाप

मंगळवार, रात्री दीड

आप्पांना खोटं सांगितलं. म्हणजे सांगितलं असं नाही. ते खूश झाले आणि मी गप्प बसलो.

रविवारी त्यांची ढोलकी स्वयंपाकघरात रेकॉर्ड केली. हॉलमधला पंखा बंद करून चालत नाही, म्हणून. मोबाईल साखरेच्या डब्यावर उभा केला होता. बावन्न आवर्तनं सलग वाजवली त्यांनी, मध्ये कुकरची शिट्टी झाली तरी थांबले नाहीत. दिवाळीनंतरचं ते सगळं झाल्यापासून इतका वेळ बसले नव्हते. शेवटी हात झटकला आणि म्हणाले, "घे तुझं काय ते."

माझं काय ते म्हणजे एफएल स्टुडिओ, कॉम्प्युटरवर गाणं बनवायचं सॉफ्टवेअर. आमच्याकडचे जुने लोक अजून फ्रुटी लूप्सच म्हणतात. उघडलं की समोर सोळा चौकोन, चार-चारच्या रंगात. आपलं कोळीगीत सहा मात्रांचं, ते सोळात बसत नाही. पॅटर्न बारा चौकोनांचा करावा लागतो, म्हणजे मात्रेला दोन. टेम्पो १५० ठेवला, म्हणजे चार-चार चौकोनांचे दीडशे ठोके मिनिटाला, की एक चौकोन १०० मिलिसेकंदांचा. मग मशिनचे ठोके: किक (मोठ्या ड्रमचा धप्प) पहिल्यावर, क्लॅप (टाळी) सातव्यावर, हायहॅट (झांजेची चिक्) एकाआड एक. एवढं मी झोपेत करतो.

मग आप्पांचं रेकॉर्डिंग तुकडे करून खाली लावलं आणि तिथेच बिघडलं. तिसरी थाप मागे. एकदा १८ मिलिसेकंद, एकदा २३, एकदा २०. बाकीच्या पाच जागच्या जागी. हायहॅटबरोबर ऐकलं की एकाच थापेचे दोन आवाज येत होते, जिन्यात दोन माणसं एका पायरीवर अडखळावीत तसे. मला वाटलं, हात. वाटलं आणि पोटात कसंतरी झालं. मग काय, सगळं सिलेक्ट केलं आणि कंट्रोल-क्यू. एका सेकंदात सगळ्या थापा रेषेवर. बावन्न वेळा.

काल त्यांना ऐकवलं. डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, "बघ. हात चालतोय अजून." मेघाला फोन लावून स्पीकरवर पुन्हा ऐकवलं. तिला मी आधीच… जाऊ दे.

रात्रभर तेच. सांगावं तर काय सांगावं? की तुमचा हात चुकला म्हणून मशिनकडून सुधारून घेतला? न सांगावं तर त्यांनी कौतुक केलं ते कुणाच्या हाताचं? चाळीस वर्षं वाजवलेल्या माणसाला मी न विचारता पट्टी लावून सरळ केलं, दोन बोटांनी. आणि मला तरी ढोलकीतलं काय कळतं? मला शिकवायला बसवलं होतं तेव्हा मी क्रिकेटला पळायचो. कालपासून स्वतःचीच कीव येते आहे, आणि त्या कीव येण्याचाही कंटाळा आलाय.

रॉजर लिनने १९८० मध्ये एलएम-१ हे ड्रम मशिन काढलं, त्यात चुकार ठोके रेषेवर आणायची सोय होती. आणि त्याच खोक्यात शफलची पण, म्हणजे सरळ ठोके मुद्दाम मागे ढकलायची. त्या माणसालासुद्धा दोन्ही लागलं. मला एकच बटण आठवलं. शफल लावूनही पाहिलं आज. पण ते एकाआड एक सगळेच ठोके ढकलतं. आप्पांची फक्त तिसरी मागे, तीही दर वेळी वेगळ्या मापाने.

आज संध्याकाळी ते आपणहून ढोलकी घेऊन माझ्या खुर्चीजवळ येऊन बसले. "लाव ते. बरोबर वाजवतो." लावलं. पाच-सहा आवर्तनं झाली असतील, त्यांच्या कपाळाला आठी. पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा आठी. मग ढोलकीवर हात पालथा ठेवला.

"हा तिसरीला थांबतच नाही. पळतोय नुसता. कोण वाजवतंय?"

"तुम्हीच, आप्पा."

त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. जरा विचार केला.

"मग तेव्हा लघवीला लागली असणार."

मी इतका हसलो की आई आतून बघायला आली. हसता हसता सगळं सांगून टाकलं, कंट्रोल-क्यू वगैरे. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "तिसरीला नाचणाऱ्याचा पाय वर असतो रे. तो खाली यायला वेळ नको?" आणि चहा मागितला.

आता हात आहे की सवय, हे मला अजूनही नक्की माहीत नाही. विचारणार नाही.

मंडळाला गुरुवारी ट्रॅक द्यायचाय. आप्पांचं मूळ रेकॉर्डिंग परत लावलंय आणि किक, क्लॅप, हायहॅट त्यांच्यामागे सरकवत बसलोय. ऑल्ट दाबून धरायचं, नाहीतर ठोका उडी मारून पुन्हा रेषेला चिकटतो. प्रत्येक आवर्तनाचं माप वेगळं, त्यामुळे कॉपी-पेस्ट नाही. एकतिसाव्यात कुकरची शिट्टी आहे, तिचं काय करायचं ते तिथे पोचल्यावर बघू.

चौदा झाली. अडतीस राहिलीत.