माळ्यावरची पोर्शे

सोमवार

सहा वर्षं माळ्यावर पडलेलं खोकं आज खाली काढलं. २०१९च्या दिवाळीत माझा भाऊ जर्मनीहून आला, तेव्हा भाच्यासाठी त्यानं लेगो टेक्निकची पोर्शे ९११ आरएसआर, म्हणजे तुकडे जोडून करायची खेळण्यातली गाडी, आणली होती. चिरंजीव तेव्हा दहावीत. "परीक्षा होऊ दे, मग काय ते जोडत बस," असं मीच बजावलं आणि खोकं वर टाकलं. मग टाळेबंदी आली, अकरावी-बारावीचे क्लास आले, आणि आता तो बंगळुरूला नोकरीत. खोक्याची चिकटपट्टीही कुणी काढलेली नव्हती.

फोनवर विचारलं, "उघडू का रे?"

"उघड ना आई. मी तर विसरूनच गेलो होतो."

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं.

मंगळवार

१५८० तुकडे. जेवणाच्या टेबलावर पिशव्या फोडल्या आणि धसकाच घेतला. लेगो म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर वर बुटके खुंट असलेल्या विटा येतात. इथे विटा नाहीतच म्हणायच्या. भोकं पाडलेल्या पट्ट्या, पिना, दांडे, दातेरी चक्रं. हा टेक्निकचा प्रकार १९७७ साली सुरू झाला, म्हणजे माझ्याच वयाचा निघाला. भावाकडे लहानपणी लोखंडी पट्ट्यांचं मेकॅनिक्स होतं, इवलासा पाना आणि स्क्रू ड्रायव्हर असलेलं. मला भातुकली होती. तक्रार नाही, पितळी होती आणि सुरेख होती.

सासूबाई पलीकडे मटार सोलत बसल्या होत्या. माझी तारांबळ बघून त्यांनी सूप आणलं, तुकडे त्यात ओतले आणि तांदूळ निवडावेत तसे रंगावर वेगळे करून दिले. बारीकसारीक मसाल्याच्या डब्यात गेलं. मोहरीच्या वाटीत काळ्या पिना, जिऱ्याच्या वाटीत करड्या. हा फरक रंगापुरता नाही, ते मला नंतर कळलं. काळीच्या अंगावर बारीक कंगोरे असतात, ती भोकात घट्ट बसते. करडी गुळगुळीत, ती फिरू देते.

गुरुवार

पुस्तिकेत वाचायला काही नाही, नुसती चित्रं. दांड्यांची चित्रं मात्र खऱ्या मापाची आहेत. बांगडीवर बांगडी ठेवून माप बघतो, तसा दांडा कागदावर ठेवून बघायचा.

आज मागच्या चाकांमधलं डिफरेन्शियल बसवलं. बावीस वर्षं गाडी चालवतेय, पण हे काय असतं हे कधी विचारलं नव्हतं. हातात घेतलं, एक चाक बोटानं धरून ठेवलं आणि बाहेरची पेटी फिरवली, तर दुसरं चाक दुप्पट वेगानं भिरभिरलं. शाळेतलं लेझीम आठवलं. आमची आठ मुलींची रांग मैदानाच्या कोपऱ्यावर वळायची तेव्हा आतल्या टोकाची जागच्या जागी पावलं टाकायची आणि बाहेरच्या टोकाची (ती मी) धावून दमायची. वळणावर चाकांचंही तसंच. दोन्ही एकाच दांड्याला घट्ट बांधली तर एक फरपटत जाईल. एवढं साधं. किती तरी वेळ मी ती पेटी नुसती फिरवत बसले, दूध उतू गेलं.

शनिवार

इंजिन सहा सिलिंडरचं, बॉक्सर जातीचं. तीन या बाजूला, तीन त्या बाजूला, आडवे निजलेले. समोरासमोरचे दोन पिस्टन एकाच वेळी बाहेर येतात आणि एकाच वेळी आत जातात, ठोसे मारल्यासारखे. चिरंजीवांनी फोनवर ज्ञान दिलं: ९११चं इंजिन मागच्या चाकांच्याही मागे असतं, पण २०१७च्या आरएसआर या शर्यतीच्या गाडीत पोर्शेनं ते चाकांच्या पुढे घेतलं, म्हणजे मागे खालून हवा नीट वाहायला जागा झाली. विसरला होता म्हणे!

नंतरचा शनिवार

गाडी ढकलली. चाकं फिरली, पिस्टन हलेनात.

तासभर शोधल्यावर सापडलं. पोटातला एक दांडा अर्ध्यातच राहिला होता, चक्राच्या भोकापर्यंत पोचलाच नव्हता. पुढचे तुकडे दाबून बसवताना मीच मागे सरकवला असणार. तिथवर बोट पोचायला दोन संध्याकाळींचं काम उसवावं लागलं. हो, उसवणंच ते. स्वेटरची चुकलेली ओळ दहा ओळींनंतर दिसते तेव्हा पोटात जे होतं, अगदी तेच झालं.

पुन्हा जोडलं, पुन्हा ढकललं, आणि सहाही पिस्टन हलले. सासूबाई म्हणाल्या, "परत कर." केलं. मग त्यांनी स्वतः टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नेली, दोनदा.

पुढे चार दिवस मी एकही तुकडा लावला नाही. गाडी बॉडीशिवायच टेबलावर होती आणि जेवताना कुणी ना कुणी ढकलून बघायचं. मागून दाबली की खाली बसायची आणि स्प्रिंगवर उठायची.

रविवार

बॉडी पूर्ण झाली. अर्धा मीटर लांब, पांढरी, मागे भला मोठा पंख. आत अग्निशामक नळकांडं आहे, चालकाच्या दारावर लगुना सेका या कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकचा नकाशा आहे. स्टिकर दोन ठिकाणी वाकडे लागले, राहू देत. काही पिना उरल्या तेव्हा पुन्हा काळजात धस्स झालं, पण बारीक तुकडे एखाददुसरा जास्तच देतात म्हणे.

आलेगेले वाहवा करतात. मला मात्र ती आता शोकेसमधली वाटते. डिफरेन्शियल पार पोटात गेलं, पिस्टन वाकून शोधावे लागतात.

बुधवार

चिरंजीवांचा फोन. फोटो पाहिला, "भारी" म्हणाला, मग जरा थांबून, "डिफरेन्शियल हातात घेऊन फिरवलं होतंस का?" विचारलं. हो म्हटलं. "मलापण बघायचं होतं ते."

पुढच्या महिन्यात चार दिवस येतोय.

रात्री पंख काढला, मग दारं, मग छप्पर. चेसिसपाशी आले आणि हात थांबला. सासूबाई पाणी प्यायला उठल्या होत्या.

"अगं, चांगली झालेली गाडी का मोडतेस?"

"त्याला जोडायचीय, आई."

त्यांनी चष्मा लावला आणि माळ्यावरून पुन्हा सूप काढायला सांगितलं.