केरवोखंची पाटी आणि गावची पाखाडी

परवा माझी सफाईची पाळी होती आणि मी तापाने आडवा. जर्मनीत, श्टुटगार्टात आमच्या बिल्डिंगमध्ये आठ बिऱ्हाडं, ज्याची पाळी त्याच्या दाराला 'केरवोखं', म्हणजे झाडलोटीचा आठवडा, लिहिलेली पाटी लटकते. आठवडाभर जिना, तळघर, कचऱ्याच्या डब्यांची जागा आणि समोरचा फुटपाथ त्याचा. नावातच केर आहे, हे मला पहिल्या दिवसापासून आवडतं. पण ती पाटी मात्र बरीच वर्षं डोक्यात जायची. पहिल्याच वर्षी मे महिन्यात गावी गेलो, परत आलो तर घरमालकाकडून पत्र, तुमची पाळी चुकली म्हणून. आई आजारी होती हो! पत्रात 'कशी आहे आई' एवढी एक ओळ असती तरी चाललं असतं.

1492 सालच्या इथल्या शहर कायद्यात प्रत्येकाने आपली घाण दर आठवड्याला गावाबाहेर न्यावी असं होतं म्हणे. 1988 मध्ये महापालिकेने सफाईच्या पाळीची सक्ती काढली, तरी भाडेकरारात ती आहेच. पानगळीत पानं, थंडीत बर्फ. बर्फ पडला की सकाळी सातला फुटपाथ मोकळा पाहिजे, मीठ टाकायचं नाही कारण झाडांच्या मुळांना लागतं, बारीक खडी पसरायची. पानं उडवायचं मशीन वस्तीत फक्त नऊ ते एक आणि तीन ते पाच, रविवारी अजिबात नाही. म्हणजे नोकरीवाल्याने दाताळंच धरायचं. सुरुवातीला चिडायचो, आता पटतं, रविवारी इथे खरंच पाखरं ऐकू येतात.

आमच्या कोकणात, आंजर्ल्याच्या वाडीत कुणाच्या दाराला पाटी नाही. पावसाआधी कौलं परतायची, पडवीला झाप बांधायचे, पऱ्या, म्हणजे ओहोळ, मोकळा करायचा. गणपतीआधी पाखाडी, म्हणजे पायऱ्यांची वाट, बेणायची, दिवाळी झाली की अंगण चोपायचं. संध्याकाळी कुणीतरी गडग्यावरून 'उद्या पाखाडी रे' म्हणून हाळी दिली की सकाळी घरटी एक माणूस कोयती घेऊन हजर. जांभ्याच्या पायऱ्या, त्यावर बोटभर शेवाळ, एक जण खरवडतो, मागचा पाणी मारतो, आणि शेवटच्या पायरीवर कुणाची तरी आई चहाची किटली घेऊन उभी. ह्याला नियम लागत नाही, हे मी इथल्या लोकांना फार अभिमानाने सांगतो.

पण घरटी एक माणूस, त्यात आमच्या घरचा सहा वर्षं नाही. बाबांचे गुडघे गेले. मी ग्रासकटरचे पैसे पाठवतो, पेट्रोलचेही पाठवतो, आणि वाडीतली नऊपैकी चार घरं तर कायमची कुलूपबंदच आहेत, त्यांच्याकडून काहीच येत नाही. एकट्याने नोकरी सोडून कोयती धरायला येणं शक्य आहे का, तुम्हीच सांगा.

3 जून 2020 ला निसर्ग वादळ आलं तेव्हा विमानं बंद होती. वीज नाही, टॉवर पडलेले, दहा दिवस घरचा आवाज ऐकला नाही. अकराव्या दिवशी बाबांचा फोन लागला. वरच्या घरातल्या दादांच्या चाळीस पोफळी आडव्या झालेल्या, तरी त्यांनी आधी आमच्या छपरावर ताडपत्री टाकली होती. हे मी कधी विसरणार नाही.

तर परवा दुपारी झोपेत दाताळ्याचा खरखर आवाज आला. खिडकीतून पाहिलं, तळमजल्यावरच्या आजी, पंच्याऐंशी वय, माझी पानं ओढत होत्या. जॅकेट चढवून खाली धावलो, दाताळं मागितलं, देईनात. म्हणाल्या, तुम्ही आजारी आहात, पोतं धरा फक्त. सहा वर्षांत आम्ही अहोजाहोवरून पुढे सरकलो नाही, पण ते पोतं धरून उभा राहिलो तेव्हा घसा दाटून आला. बोलता बोलता विचारलं त्यांनी, तुमच्याकडे पानं कशाने झाडतात. माडाच्या हिरांचा खराटा कसा बांधतात ते हातवारे करून सांगितलं. त्यांना एक हवाय.

रात्री आईला फोन केला, म्हटलं मे महिन्यात येतोय, एक चांगला खराटा बांधून ठेव.

"वरच्या वहिनींना सांगते रे," ती म्हणाली, "माझ्या बोटांनी आता गाठ बसत नाही."