पोट फुगलं तरी अळसांदे सोडले नाहीत

रक्तातली साखर काठावर आली, तेव्हा फोंड्यातल्या माझ्या डॉक्टरांनी गोळी लिहायच्या आधी जेवण विचारलं. पांढरा भात, हुमण, तळलेली मासळी, संध्याकाळी चहाबरोबर बिस्किटं. "यात चोथा कुठे आहे?" त्या म्हणाल्या. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान २५ ग्रॅम तंतू, म्हणजेच हा चोथा (फायबर), खायला सांगते.

पांढऱ्या भाताच्या जागी लाल कोंड्याचे उकडे तांदूळ आणले. नाचणी सुरू केली, पण भाकरीच्या रूपात. आमच्याकडचं तिझण, म्हणजे नाचणीची खीर, मला फार आवडतं, मात्र त्यासाठी नाचणी वाटून गाळतात आणि हवा असलेला कोंडाच बाहेर जातो. शिवाय अळसांद्यांचं, म्हणजे आमच्याकडच्या चवळीचं, तोणाक, ती नारळाच्या वाटणातली उसळ.

मग पोट फुगायला लागलं. बसमध्ये पणजी गाठेपर्यंत जीव नकोसा व्हायचा. आई म्हणाली, "वातूळ गं ते, सोड बघू."

डॉक्टरांनी कारण समजावलं म्हणून टिकले. बहुतेक तंतू फोडणारी पाचकद्रव्यं माणसाच्या शरीरात नाहीत. ते न पचता मोठ्या आतड्यात पोचतात आणि तिथले जिवाणू त्यांना आंबवतात. त्यातून वायू होतो, तशीच ब्युटिरेटसारखी आम्लंही तयार होतात. मोठ्या आतड्याच्या अस्तरातल्या पेशींचं मुख्य इंधन हेच ब्युटिरेट. उंदरांवरच्या प्रयोगांत तर असं दिसलं आहे, की तंतू मिळाले नाहीत तर काही जिवाणू आतड्याचं रक्षण करणारा श्लेष्माचा थरच खायला लागतात. हे ऐकल्यावर अळसांदे सोडणं मला पटेना.

प्रमाण तेवढं कमी केलं. आधी दोन-तीन चमचे, मग अर्धी वाटी. रात्रभर भिजवायचे आणि ते पाणी ओतून द्यायचं, कारण वायू करणाऱ्या शर्करा त्यात बऱ्याच उतरतात. पाणी भरपूर प्यायचं. काही आठवड्यांत फुगणं ओसरलं. नव्या खाण्याला जिवाणूंची वस्तीही सरावते.

शेजारच्या वहिनी इसबगोल सुचवत होत्या. शौचाला ते चांगलंच, पण जिवाणू ते फारसं आंबवत नाहीत. म्हणून मी ताटातल्या चोथ्यावरच भर दिला. ज्यांना आतड्याचा आजार आहे त्यांनी मात्र आधी डॉक्टरांना विचारावं.

पुढच्या तपासणीत साखर थोडी उतरली. मी चालायलाही लागले होते, त्यामुळे सगळं श्रेय अळसांद्यांना देत नाही. सकाळी पोट साफ होतं, ते मात्र नक्की त्यांच्यामुळेच.