एकाच बिलावरच्या दोन ओळी

नाशिकरोडला जेल रोडवर आमचं मेडिकल आहे. चौदा वर्षं झाली, सकाळी साडेनऊला शटर मीच उघडते. फार्मासिस्ट मी, हाताखाली दोन मुलं. गिऱ्हाईक बहुतेक ओळखीचं. इथल्या नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झालेली मंडळी, त्यांच्या सुना, नातवंडं. कुणाला काय चालू आहे हे मला पाठ आहे, अशी माझी फेब्रुवारीतल्या त्या मंगळवारपर्यंत खात्री होती.

काका अकराच्या सुमाराला आले. वय एकाहत्तर. सहा वर्षांपूर्वी हृदयाची झडप बदललीय, धातूची बसवलीय, म्हणून रक्त पातळ ठेवायची वॉरफेरिन जन्मभर. बरोबर त्यांचे साडू होते, पिंपळगाव बसवंतकडचे द्राक्षबागायतदार. काकांनी नेहमीच्या गोळ्या मागितल्या आणि सुटे घ्यायला हात पुढे केला. अर्ध्या बाहीचा सदरा होता. कोपराखाली आतल्या बाजूला तळहाताएवढा डाग, मधोमध काळाजांभळा, कडेनं पिवळा पडत चाललेला.

"काका, हे कशानं?"

"अगं काही नाही, भाजीची पिशवी हाताला अडकवली होती."

पिशवीच्या बंदानं वळ उठतो, असा डाग पडत नाही. दात घासताना रक्त येतं का, विचारलं. काका जरा थांबले. "येतं थोडं, आठ दिवस झाले. पेस्ट बदलली ना, त्यानं असेल."

मी आयएनआरची वही मागितली. रक्त गोठायला किती वेळ लागतो ते या चाचणीत कळतं. त्यांच्या झडपेसाठी डॉक्टरांनी वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात २.५ ते ३.५ लिहून दिलं होतं. शेवटची नोंद नोव्हेंबरची.

"वॉरफेरिनशिवाय आणखी काय चालू आहे?"

"औषध दुसरं काहीच नाही."

"औषध नाहीच ते ताई," साडू म्हणाले, "नुसतं अँटिऑक्सिडंट आहे. मीच सांगितलं घ्यायला. साइड इफेक्ट शून्य." आणि काकांच्या पिशवीतून त्यांनी एकेक वस्तू काउंटरवर मांडली. ती हिरवी मऊ कॅप्सूल, व्हिटॅमिन ई ४००, जी निम्म्या नाशिकच्या बायका फोडून चेहऱ्याला लावतात. एक मोठी बाटली, तिच्यावर द्राक्षबियांचा अर्क. काका हिरवी कॅप्सूल दिवसाला दोन घेत होते, तीन महिने.

माणसाला दिवसाला जेवढं व्हिटॅमिन ई लागतं त्याच्या कितीतरी पट अशा एका कॅप्सूलमध्ये असतं. रक्त गोठायला व्हिटॅमिन के लागतं. वॉरफेरिन त्याच्याच कामात आडवं येतं, आणि ई जादा झालं की तेही तिथेच खोडा घालू शकतं. द्राक्षबियांच्या अर्काबद्दलही, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर जपून, असं आम्हाला शिकवतात. मी काकांना स्टुलावर बसवलं, डॉक्टरांना फोन लावला आणि पोराला सोबत देऊन त्यांना चौकातल्या लॅबला पाठवलं. आयएनआर ६.४ आला. अशा वेळी घसरून डोक्याला साधा मार लागला तरी आत रक्तस्राव होऊ शकतो. साडूंनी रिक्षा केली आणि पाऊण तासात काका दवाखान्यात होते.

ते गेल्यावर मी कॉम्प्युटरवर त्यांची जुनी बिलं काढली. डिसेंबरचं बिल: पहिली ओळ वॉरफेरिन, तिच्या खाली व्हिटॅमिन ई ४००, तीन स्ट्रिप. जानेवारीत पुन्हा तेच. माझ्याच दुकानातून, एकाच बिलावर. कॅप्सूल पोरानं दिली होती, पण दोन्ही वेळा बिल मी बनवलं होतं. समोर औषधाची चिठ्ठी असली की मी डोळ्यांत तेल घालून वाचते. चिठ्ठीशिवाय मागितलेल्या वस्तूकडे माझं लक्षच जात नव्हतं. त्या दोन ओळी मी किती वेळ बघत बसले कोण जाणे. दुपारचा डबा तसाच राहिला.

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. रक्तस्राव कुठे नाही, वॉरफेरिन थांबवलीय, रात्रभर लक्ष ठेवू म्हणाले. आणि एक सांगितलं: सगळा दोष कॅप्सूलवर टाकू नका, जानेवारीच्या शेवटी काकांना आठवडाभर ताप होता, पेज आणि बिस्किटांवर होते. पालेभाजी बंद झाली की व्हिटॅमिन के कमी पडतं आणि आयएनआर तसाही चढतो. हे मी मुद्दाम लिहितेय. कॅप्सूलनं नक्की किती बिघडवलं, ते वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण ज्याचं रक्त असं काट्यावर तोलून ठेवलंय, त्याच्या पारड्यात न सांगता काही टाकायचं नसतं.

साडू काकूंचा निरोप द्यायला सातला परत आले तेव्हा चेहरा उतरलेला होता. शर्टाच्या खिशात बिडीचं बंडल. म्हणाले, "ताई, मग मी जे घेतोय त्याचं काय?" त्यांची बाटली वेगळी होती, बीटा कॅरोटीनची, म्हणजे गाजराला रंग देणाऱ्या द्रव्याची. बिडीनं फुप्फुसाचं जे नुकसान होतं ते यानं भरून निघतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

त्यांना मी फिनलंडची गोष्ट सांगितली. तिथे २९,१३३ पुरुष घेतले होते, सगळे धूम्रपान करणारे, ५० ते ६९ वयाचे. काहींना रोज २० मिलिग्रॅम बीटा कॅरोटीन दिलं. गाजर आणि हिरव्या भाज्या भरपूर खाणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर कमी दिसतो, तर गोळीनंही कमी होईल, अशी आशा होती. १९९४ साली निकाल आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेत धूम्रपान करणाऱ्या, पूर्वी केलेल्या आणि ॲस्बेस्टॉसमध्ये काम केलेल्या अठरा हजारांहून जास्त लोकांवर असाच अभ्यास चालू होता, बीटा कॅरोटीनच्या जोडीला व्हिटॅमिन ए देऊन. तिथे फुप्फुसाचा कॅन्सर २८ टक्के जास्त दिसला आणि १९९६ च्या जानेवारीत तो ठरल्याच्या २१ महिने आधी बंद करावा लागला.

"म्हणजे गाजर वाईट?"

नाही हो. गाजरात कॅरोटीन एकटं येत नाही, आणि गोळीएवढं एकदम येत नाही. आणि अँटिऑक्सिडंट ज्यांना आवरतात ते फ्री रॅडिकल, म्हणजे शरीरात तयार होणारे, पेशींची नासधूस करू शकणारे कण, म्हणजे नुसता गंज, असंही नाही. आपल्या पांढऱ्या पेशी तेच वापरून जंतू मारतात. कॅन्सरला शेक देतात तोही बराचसा त्यांच्याच जोरावर पेशी मारतो, म्हणून किरणोपचार चालू असताना मनानं असल्या गोळ्या घेऊ नका, असं डॉक्टर बजावतात. साडू सगळं ऐकून घेत होते. मग बाटली उचलून त्यांनी तिच्यावरची बारीक अक्षरं उजेडात धरली. मी बोट ठेवून दाखवलं: औषधी वापरासाठी नाही. फूड सप्लिमेंटवर हे छापावंच लागतं. तीन महिने बाटली घरात होती, कुणी वाचलं नव्हतं. मीही कधी गिऱ्हाइकाला वाचून दाखवलं नव्हतं.

पण म्हणून सगळं मोडीत काढावं, असंही मला वाटत नाही. त्याच संध्याकाळी उपनगरच्या एक आजी डोळ्यांच्या डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन आल्या. पडद्याची मधली जागा वयानं झिजते, तो आजार, मधल्या टप्प्यातला. या आजारात व्हिटॅमिन सी, ई, झिंक आणि तांबं ठरावीक प्रमाणात दिलं, तर आजार शेवटच्या टप्प्यात जायचा धोका पाच वर्षांत साधारण २५ टक्क्यांनी कमी होतो. २००१ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासात हे दिसलं. त्या नुस्ख्यात आधी बीटा कॅरोटीन होतं. २०१३ च्या पुढच्या अभ्यासानंतर त्याच्या जागी ल्युटीन १० मिलिग्रॅम आणि झिॲझँथीन २ मिलिग्रॅम ही दोन पिवळी रंगद्रव्यं आली. गेलेली नजर यानं परत येत नाही, आणि ज्याला हा आजार नाही त्याचा तो टळतो असंही दिसलेलं नाही. आजींचा मुलगा म्हणाला, "मॅडम, मलाही एक डबी द्या, आधीपासूनच सुरू करतो." मी दिली नाही. आजींची दिली, पण त्याआधी बाकीच्या गोळ्या कुठल्या ते विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून काउंटरवरची ती हिरव्या कॅप्सूलची बरणी मागच्या कपाटात गेली. पंधरवड्यानं औषध कंपनीचा एमआर स्कीम घेऊन आला, दहावर दोन फ्री. मी नको म्हटलं. दोन्ही मुलांना सांगून ठेवलंय, वॉरफेरिनच्या गिऱ्हाइकानं काहीही वेगळं मागितलं, अगदी आवळ्याची गोळी मागितली, तरी मला हाक मारायची.

काका तीन आठवड्यांनी आले. साडूंनी पाठवलेली द्राक्षाची पेटी बरोबर होती. आयएनआर २.८. मी म्हटलं, द्राक्षं खा, आवळा खा, पेरू खा. पालेभाजी सोडू नका, फक्त एकदम वाढवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही. त्यांनी वही पुढे केली. आकड्यांच्या समोरची पानं आता भरलेली होती. निवृत्तीआधीच्या त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरात रोजचं लिहिलेलं: सोमवार, मेथी एक वाटी. बुधवार, शेवग्याची पानं, पिठल्यात. शुक्रवारच्या पुढे लिहिलं होतं, "नातवानं हळदीचं दूध दिलं, मुलीला विचारणे."

मुलगी म्हणजे मी. चष्मा पुसला आणि विचारलं, "काका, हळद किती घातली होती?"