तुम्ही विचारलंत म्हणून: मास्तर, काऊन बोलले?

घाटंजीच्या बाजारात कोणीही भेटो, प्रश्न ठरलेला. “मास्तर, कपाशीच्या पंचनाम्यात नुकसानीचे 75 टक्के लागत होते. तुमाले मंधात बोलाचं काय काम होतं?”

चुकीची बेरीज मला बघवत नाही, असं मी सांगत आलो. हे अर्धंच उत्तर आहे.

वावर माझ्या चुलतभावाचं. वेगवेगळ्या ओळींतली 100 बोंडं तोडून धुऱ्यावर पोत्यावर ओतली आणि एकेक फोडलं. 40 बोंडांत गुलाबी अळी किंवा तिनं पाडलेलं भोक. 35 सडलेली, आतला कापूस काळा, चिकट. लिहिणाऱ्यानं दोन्ही मिळवून नुकसान 75 मांडलं. पण अळीही आणि सडही असलेली 20 बोंडं दोन्हीकडे मोजली गेली होती. नासलेली खरी 55. चांगली 45 समोर पोत्यावर पडलेली, आणि कागदावर 25!

मी बोललो. भाऊ काही म्हणाला नाही, पोतं झटकून उठला. वहिनीनं त्या दिवशी चहाला हाक मारली नाही.

नुसती बेरीज चालते ती परस्पर अपवर्जी, म्हणजे एकत्र घडूच न शकणाऱ्या घटनांनाच. रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव्हनं 1933 साली संभाव्यतेची गृहीतकं मांडली, त्यातही अट हीच. अळी आणि सड कुठल्या अपवर्जी? अळीनं पाडलेल्या भोकातूनही पाणी आणि बुरशी आत शिरते. मग विभाजन करावं लागतं: फक्त अळी 20, फक्त सड 15, दोन्ही 20, निरोगी 45. एकही बोंड दोन ढिगांत नाही, एकही बाहेर नाही.

आणि त्याच कागदावर पावसानं झालेल्या नुकसानीच्या वेगळ्या रकान्यात, अळीचं बोंड धरायचं नाही म्हणून, सड 15च लिहिली होती. भांडून ती 35 करून घेतली मीच. हे बाजारात कोणी विचारत नाही!

कॉलेजात असताना ‘गणिताला बाजू नसते’ असं मी ऐटीत म्हणायचो. आता ती ऐट जमत नाही. 55 टक्क्यांवर मिळालेल्या पैशात कृषी केंद्राची उधारी फिटली नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून 75 खरे होतात का?

भाऊ म्हणतो, “खरे नवतेच ना. पण माह्या वावरात तुले गप बसता आलं असतं.”

आलं असतं. नाही बसलो.