गाडी मिसिंग मारतेय? कार्बुरेटर राहू दे, आधी पॉइंट बघ

जुन्या फियाट आणि पद्मिनीवाल्या मित्रांचे फोन येतात ना, त्यातली बरीचशी तक्रार एकच असते. गाडी मिसिंग मारते (मध्येच ठिणगी चुकून धक्के खाते), चढाला ओढत नाही, सकाळी स्टार्टला त्रास देते, कार्बुरेटर दोनदा खोलून साफ करून घेतला तरी तेच. मी विचारतो, पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधले उघडमीट करणारे दोन संपर्क) शेवटचे कधी बघितलेस? की पलीकडे शांतता. गॅरेजमध्ये हल्ली काम करणारी मुलं इंजेक्शनच्या गाड्यांवर शिकलेली, त्यात त्यांचा काही दोष नाही, पण त्यांच्या हाताला कार्बुरेटर तरी माहीत असतो, डिस्ट्रिब्युटरची, म्हणजे प्रत्येक प्लगला पाळीपाळीने करंट वाटणाऱ्या डब्याची, कॅप काढून आत बघायची सवयच नाही. म्हणून हे एकदा सगळं नीट लिहून टाकतोय.

आपल्या गाडीचं इंजिन १०८९ सीसी, चार सिलिंडर. कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात १९६४ ला फियाट ११०० डिलाइट आली, १९७४ पासून तीच पद्मिनी झाली, आणि इतक्या वर्षांत इग्निशनची मूळ पद्धत तीच राहिली. कॉइल, सीबी (कॉन्टॅक्ट ब्रेकर) पॉइंट, पॉइंटवरची ठिणगी दाबणारा कंडेन्सर, आत फिरणारा रोटर, कॅप. पॉइंट मिटलेले असतात तेव्हा कॉइलच्या आतल्या जाड तारेतून बॅटरीचा करंट वाहतो, आणि डिस्ट्रिब्युटरच्या शाफ्टवर फिरणाऱ्या कॅमचं टोक पॉइंट उघडतं त्या क्षणी तो करंट तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि बारीक तारेच्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट तयार होऊन प्लगला ठिणगी पडते. म्हणजे ठिणगी पॉइंट मिटल्यावर नाही, उघडल्यावर पडते, हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं जातं. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर हे सेकंदाला १०० वेळा होतं. आणि कॅमवर घासत हे सगळं काम करणारा भाग कोणता, तर फायबरचा एक छोटासा तुकडा.

खरी गोम त्या तुकड्यात आहे. तो झिजतो. झिजला की पॉइंटचा गॅप कमी होतो, गॅप कमी झाला की पॉइंट उशिरा उघडतात, म्हणजे टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) आपोआप मागे जातं. टायमिंग मागे गेलं की गाडी ओढत नाही, ॲव्हरेज पडतं आणि वरून तापते. मग लोक काय करतात, रेडिएटर साफ करून घेतात, थर्मोस्टॅट काढून टाकतात, कार्बुरेटरचे जेट बदलतात. माझ्या ओळखीच्या एकाच्या गाडीला एका गॅरेजने अख्खा रेडिएटर नवा बसवला होता, आणि गॅप बघितला तर फिलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पात्यांचा संच) सगळ्यात पातळ पातंसुद्धा आत जाईना. वाईट वाटतं अशा वेळी, पैसे गेले त्याचं आहेच पण माणूस शेवटी वैतागून गाडी विकून टाकतो त्याचं जास्त.

गेल्या मे महिन्यात एक मित्र जुन्या हायवेने पुण्याला निघाला होता, बोरघाटात शिंगरोबाच्या देवळाच्या जरा पुढे गाडी धक्के मारत बंद पडली. फोनवर म्हणाला, "अरे पेट्रोल येत नाहीये बहुतेक, पंपाचा पाइप काढू का?" म्हटलं, "थांब, कशालाच हात लावू नकोस, आधी इग्निशन बंद कर आणि डिस्ट्रिब्युटरच्या दोन क्लिपा काढ." कॅप निघाली, रोटर वर ओढून काढला. मग मी सांगितलं, आता गाडी टॉप गिअरमध्ये टाकून हळूच पुढे ढकल, फायबर कॅमच्या टोकावर आला की थांब, चढावर आहेस तर मागे कोणालातरी दगड घेऊन उभं कर. त्याने बघितलं तर पॉइंट उघडतच नव्हते, नुसतं केसाएवढं हलल्यासारखं. पाकिटातलं व्हिजिटिंग कार्ड काढायला सांगितलं, स्थिर पॉइंटचा स्क्रू ढिला केला, कार्ड अलगद सरकेल इतकी फट ठेवून स्क्रू आवळला आणि त्याच कार्डाची कोरी कड पॉइंटच्या मधून दोनदा फिरवून घेतली. काळी रेघ आली कार्डावर. रोटर, कॅप, सेल्फ मारला, पहिल्या झटक्यात सुरू. लोणावळ्याला चहा पिऊन पोचला बिचारा नीट. कार्ड हे रस्त्यावरचं भागवणं झालं हं, घरी आल्यावर फिलर गेजनेच गॅप लावायचा.

गॅप किती? तुमच्या डिस्ट्रिब्युटरच्या कंपनीप्रमाणे फरक पडतो, त्यामुळे मॅन्युअल बघा, पण या जुन्या चार सिलिंडर गाड्यांमध्ये साधारण ०.३५ ते ०.५० मिमीच्या मध्येच असतो. पातं जाताना किंचित अडल्यासारखं लागलं पाहिजे, ढकलून घालायचं नाही. पातं आधी पुसून घ्या, त्याचं तेल पॉइंटला लागलं की तेच जळून थर बसतो. नव्या पॉइंटलासुद्धा गंजू नये म्हणून तेलाचा हात असतो, तो पेट्रोलच्या फडक्याने पुसल्याशिवाय बसवू नका. आणि गॅप बदलला की टायमिंग बदलतंच, त्यामुळे आधी गॅप, मग टायमिंग, उलटं कधीच नाही. टायमिंगला महागडं काही लागत नाही, १२ व्होल्टचा एक बल्ब आणि दोन वायरी. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडच्या टोकाला, दुसरी बॉडीला, इग्निशन चालू, पुलीवरची खूण जागेवर आणून डिस्ट्रिब्युटर हळूहळू फिरवायचा, बल्ब पेटला तो क्षण म्हणजे पॉइंट उघडले. तिथे आवळायचं. इग्निशन मात्र उगाच चालू ठेवून बसू नका, पॉइंट मिटलेले असले तर कॉइल तापत राहते.

पॉलिश पेपरने पॉइंट घासायची सवय सोडा असं मी सगळ्यांना कळकळीने सांगतो. त्याचे कण टंगस्टनमध्ये रुतून बसतात आणि दोन-चार दिवसांत परत तेच सुरू. अगदी घासायचेच तर बारीक फाइल, नाहीतर सरळ बदला, फार महाग नसतात. पण नवे पॉइंट पुन्हापुन्हा जळत असतील, निळे पडत असतील, तर गुन्हेगार कंडेन्सर आहे. कॅप काढून सेल्फ मारायला सांगा आणि बघा, पॉइंटमध्ये मोठी पिवळी-निळी ठिणगी दिसली तर कंडेन्सर गेला. त्याचा स्क्रू ढिला असला तरी हेच होतं, कारण बॉडीला अर्थिंग मिळत नाही, तो आधी आवळून बघा.

आणखी एक, जे सहज सापडत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या आत पॉइंटला येणारी एक छोटी लवचिक वायर असते, व्हॅक्यूमने प्लेट हलते तशी तीही हलते आणि वर्षानुवर्षांनी आतल्या आत तुटते, वरचं कव्हर मात्र धडधाकट. गाडी उभी असताना सगळं छान, ॲक्सिलरेटर दाबला की मिसिंग. बोटांनी हलकेच ओढून बघा, रबरासारखी ताणली गेली तर आत तार शिल्लक नाही. पावसाळ्यात कॅपच्या आत दमटपणा धरतो, कोरड्या फडक्याने पुसा, आणि आत पेन्सिलीने रेघ मारल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती कॅप फेकून द्या, पुसून उपयोग नाही.

पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक किट बसवावं का, हेही विचारतात. वाईट नाही, गॅपची कटकट जाते. पण ते बंद पडलं तर घाटात व्हिजिटिंग कार्डाने चालू होत नाही, म्हणून मी पॉइंटच ठेवलेत आणि ठेवणार.

बाकी मेंटेनन्सचं थोडक्यात. कॅमवर ग्रीसचा अगदी पातळ हात, जास्त लावलं तर उडून पॉइंटवर बसतं, आणि रोटरखालच्या फेल्टला तेलाचे एक-दोन थेंब. डिस्ट्रिब्युटरचा शाफ्ट हाताने हलवून बघा, खेळ असेल तर बुश (शाफ्टला धरणाऱ्या कड्या) गेलेत आणि गॅप कितीही लावा, टिकणार नाही. इंजिन ऑइल आणि पुढच्या सस्पेन्शनचं ग्रीसिंग वेळच्या वेळी, गाडी कमी चालली तरी. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याने जुने रबरी पाइप आणि पंपाचा डायफ्रॅम लवकर खराब होतात, ते इथेनॉल चालणारे घालून घ्या.

डिकीत पॉइंटचा सेट, कंडेन्सर, रोटर, फिलर गेज आणि तो बल्ब ठेवाच. फक्त नवाकोरा कंडेन्सर पाकिटात बंद ठेवू नका, हल्ली नव्यातसुद्धा खराब निघतात. नवा गाडीला लावून थोडे दिवस चालवा, आणि मग एक चाललेला, खात्रीचा काढून स्पेअर म्हणून ठेवा.